आखाजी, सालदार आणि चुलतभावाचा प्रश्न

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात आणि ओट्यावर सालदारांचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवायच्या शेतगड्यांचे, सौदे होतात. आखाजी ते आखाजी साल धरायचं, वर्षाची रक्कम ठरवायची, थोडी उचल हातावर ठेवायची. सालदार बहुतेक पावरा किंवा बारेला आदिवासी, सातपुड्यातून खाली उतरलेले. आमचं गाव चोपडा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. केळी आणि कापूस. मी लहान असल्यापासून हे सौदे त्याच ओट्यावर बघत आलेय.

यंदाही काका बसले होते. समोर गेल्या वर्षीचाच सालदार, त्याची बायको दाराच्या खांबाला टेकून उभी. तो एक लाख वीस म्हणत होता, काका एक लाख दहावर अडले होते. मी आतून आमरसाचं पातेलं घेऊन येत होते, तेवढ्यात चुलतभाऊ मागे आला. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "ताई, मला इंटरनॅशनल डेव्हलपमेंटमध्ये करिअर करायचंय. पब्लिक पॉलिसी, सोशल इक्विटी वगैरे. तू यूएनमध्ये कशी घुसलीस?"

मी यूएनमध्ये घुसलेले नाही. काही वेळा त्यांच्या कामाची कन्सल्टंट म्हणून कंत्राटं घेतली, एवढंच. पण आमच्या घरात हा फरक कुणाला कळत नाही आणि मीही तो दरवेळी समजावत बसत नाही. आजी होती तोवर तिचे तीनच प्रश्न असायचे. "सरकारी शे का? पगार कितला शे? मंग कसाले करस?" पहिल्या दोनांची उत्तरं मी द्यायची. तिसऱ्याचं अजून नीट जमलेलं नाही.

त्या दिवशी भावाला मी म्हटलं, जेव, मग बोलू. जेवण झालं, दुपारी सगळे आडवे झाले आणि बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे लिहितेय. त्याच्यासाठी आणि महिन्यातून एकदा तरी मला हाच प्रश्न पाठवणाऱ्या इतरांसाठीही.

मी 2011 मध्ये एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं मास्टर्स, करून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला गेले. एका छोट्या संस्थेत, पगार नऊ हजार, खोलीचं भाडं आठशे. काम होतं वनहक्काचे दावे भरायला मदत करणं. 2006 चा कायदा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दावा ग्रामसभेत जातो, वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते, मग कागद उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. वाचायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

माझ्यासोबत पावरा समाजातला एक सहकारी होता. त्याला मी इथे नुसतं दादा म्हणते. बारावी झालेला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, मोटारसायकलवर तालुक्यातला प्रत्येक पाडा पालथा घातलेला. मला तेव्हा पावरी एक अक्षर येत नव्हतं. अहिराणी ऐकत वाढल्यामुळे थोडंफार कळेल असं वाटलं होतं, तेही वाटणंच निघालं.

एका पाड्यावर आम्ही रात्री दावे भरत बसलो. वीज नव्हती, दोन बॅटऱ्या होत्या, घरांच्या छपरांवर आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत टाकलेल्या, सगळीकडे तो आंबूस वास. नमुना अ भरायचा, सोबत पुरावे जोडायचे. निदान दोन प्रकारचे पुरावे लागतात आणि त्यात गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचं लेखी निवेदनही चालतं. हे फार मोलाचं कलम आहे. कारण ज्याच्याकडे जमिनीचा एकही कागद नाही त्याच्याकडे म्हातारा शेजारी तर असतोच. म्हातारे सांगत होते, दादा मराठीत सांगत होता, मी लिहीत होते. चतुःसीमा आली. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, उत्तरेस नाला, दक्षिणेस कोण.

म्हातारा एक नाव सांगायचा, मी मतदारयादीत बघायचे. यादीत ते नाव नसायचं. दादा म्हणायचा, हा तोच, यादीत त्याचं शाळेतलं नाव आहे. मग मी यादीतलं नाव लिहायचे. सरकारी कागद आहे, सरकारी नावच हवं, असा माझा हिशेब. दादा एकदा म्हणाला, "ताई, त्या नावानं त्याला कोणी हाक मारत नाही. चौकशीला आले आणि हे नाव विचारलं तर लोक नाही म्हणतील. दोन्ही लिहा." मी म्हटलं, रकान्यात जागा नाही.

तसंच झालं. पुढे कागद पडताळणीला गेले, माणसं जागेवर आली, शेजाऱ्यांची नावं वाचली गेली. लोकांनी माना हलवल्या, असा कोणी इथे नाही. चौदा दावे "चतुःसीमा जुळत नाही" या शेऱ्यासह परत आले. आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत एका कुटुंबाचा भावाभावांत वाद लागला तो वेगळाच. पाड्यावर मला कुणी काही बोललं नाही. चहा मात्र पूर्वीसारखाच द्यायचे आणि ते जास्त लागायचं.

2012 च्या सप्टेंबरात केंद्राने या कायद्याचे नियम सुधारले. त्यात होतं की केवळ तांत्रिक किंवा कार्यपद्धतीच्या कारणावरून दावा फेटाळता येणार नाही. ती दुरुस्ती मी धडगावच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून वाचली. दोनदा वाचली. तोपर्यंत धोरण म्हणजे दिल्लीत कोणी तरी लिहितं ती लांबची गोष्ट वाटायची. त्या दिवशी वाटलं, हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला कुठून तरी आपल्यासारख्या चौदा दाव्यांची गोष्ट पोचली असणार. आणि तेव्हाच मला ठरवून वाटलं की हे वाक्य लिहिण्याच्या बाजूचं काम शिकायचं.

भावा, तुझ्या प्रश्नाचा "पब्लिक पॉलिसी" हा भाग माझ्यापुरता एवढाच आहे.

2017 मध्ये मला चेव्हनिंग मिळाली. ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती. निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. मी ससेक्स विद्यापीठाच्या आवारात, ब्रायटनजवळच्या इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजला गेले. 1966 ची संस्था. विकासाच्या अभ्यासात तिचं नाव मोठं आहे. पण मला तिथलं पहिल्या महिन्यातलं एक व्याख्यान जास्त लक्षात आहे. विषय होता जागतिक बँक आणि उत्तरदायित्व. पडद्यावर नकाशा आला, नर्मदेची वळणं, आणि एका टिंबाखाली लिहिलेलं : मणिबेली.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं आली, त्यातलं पहिलं. प्राध्यापक सांगत होते की 1985 मध्ये बँकेने या प्रकल्पाला 45 कोटी डॉलर मंजूर केले. पुढे नर्मदा बचाव आंदोलनाचा रेटा वाढला. मग यूएनडीपीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे, माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली, तिचा 1992 चा अहवाल बँकेच्याच विरोधात गेला. 1993 मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं आणि त्याच वर्षी बँकेला तक्रारी ऐकणारं तपासणी पॅनेल स्थापन करावं लागलं. आज जगातल्या कुठल्याही देशातलं गाव बँकेच्या प्रकल्पाविरुद्ध त्या पॅनेलकडे जाऊ शकतं. पुढच्या वर्षी जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाला स्थगिती मागणारं निवेदन काढलं, त्याचं नावच मणिबेली जाहीरनामा.

वर्गात केनिया, नेपाळ, पेरू, कुठकुठली मुलं. सगळी वहीत म-णि-बे-ली लिहून घेत होती. मी तिथे बोटीने गेलेली एकटीच. अभिमान वाटला असं म्हणू? वाटला. पण दुसरीही गोष्ट डोक्यात होती. मी खान्देशात जन्मले, जळगावात शिकले, आमच्या विद्यापीठाची पदवी घेतली, आणि एमएसडब्ल्यूला जाईपर्यंत मणिबेलीचं नाव ऐकलं नव्हतं. आम्हाला शाळेत नंदुरबार म्हणजे 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला आदिवासी जिल्हा, एवढं एक वाक्य. सातपुड्यापलीकडचं आम्हाला ब्रायटनला जाऊन कळायचं होतं.

तिथेच रॉबर्ट चेंबर्स यांचं म्हणणं ऐकलं. ते त्या संस्थेत वर्षानुवर्षं होते. साहेब लोक गावं बघायला जातात ते डांबरी रस्त्याच्या कडेची बघतात आणि पावसाळा सोडून बघतात, म्हणून त्यांना गरिबी कळत नाही, असं ते मांडायचे. मी मनात म्हटलं, हे तर दादा मला पहिल्या वर्षीच म्हणाला होता. "सगळे पाहुणे फेब्रुवारीत येतात. श्रावणात या म्हणावं." श्रावणात घाट खचतो, कणगी रिकामी असते आणि अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल रंगावर जास्त वेळा थांबते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. मी ती पट्टी हातात धरलीय. दीड वर्षाच्या पोराच्या दंडाभोवती ती फिरवताना इतकी सैल पडते की आपणच चुकीची लावली असं वाटतं आणि पुन्हा लावून बघतो. पुन्हा तेवढंच येतं.

चेंबर्स यांच्या म्हणण्याला जगभर संदर्भ मिळाले. दादाचं वाक्य माझ्या डायरीत आहे.

आता पैशाचं. कारण हे कुणी सांगत नाही.

2011 मध्ये माझा पगार नऊ हजार, दादाचा साडेसहा. परत आल्यावर मी एका मोठ्या संस्थेत प्रोग्राम मॅनेजर झाले, मग कन्सल्टंट. आता चांगल्या महिन्यात मला लाखाच्या वर मिळतात. दादा त्याच तालुक्यात, तेच काम करतो आणि त्याला एकोणीस हजार मिळतात. पद "फिल्ड को-ऑर्डिनेटर". मी ज्या अहवालांचे पैसे घेते त्यातली निम्मी माहिती त्याने मोटारसायकलवरून आणलेली असते. मला इंग्रजी लिहिता येतं, हाच काय तो माझा दर. समतेवर काम करणाऱ्या संस्थांत हा जिना असाच उभा आहे : खाली स्थानिक भाषा बोलणारे, मधे मराठी, वर इंग्रजी. एका वर्षी मी वरिष्ठ पदासाठी दादाचं नाव सुचवलं. तोंडावर सगळे हो म्हणाले. जाहिरात आली तर पात्रतेत "उत्कृष्ट इंग्रजी लेखन" आणि पदव्युत्तर पदवी. दादाने अर्जच केला नाही. मला म्हणाला, "चतुःसीमा जुळत नाही, ताई." तो हसला, म्हणून मीही हसले.

या जिन्यावर आपण कुठल्या पायरीवरून चढायला लागतोय हे तुला आधी माहीत असावं. तू तिसऱ्या पायरीवरून चढायला सुरुवात करशील. पुणे, इंजिनिअरिंग, इंग्रजी.

दारं कुठली, ते थोडक्यात. मास्टर्स करायचं तर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे, 1936 पासूनची, तिचं एक केंद्र तुळजापुरातही आहे. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. तिथे गेलास तर अमळनेरच्या लोकांना आवर्जून सांग. विप्रो 1945 मध्ये अमळनेरात वनस्पती तूप काढत सुरू झाली आणि तिच्या शेअरवर अमळनेरची कितीतरी घरं वर आली. त्याच कंपनीच्या पैशातून ते विद्यापीठ चालतं. म्हणजे तिथली शिष्यवृत्ती घेणं हे एका अर्थाने खान्देशातलंच तूप खाणं. (हा विनोद मी तिथे एका कार्यक्रमात केला होता. कोणी हसलं नाही.)

आधी काम करून बघायचं असेल तर राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप आहे, 2015 मध्ये सुरू झालेली. सरकारच्या आत बसून फाईल कशी हलते ते दिसतं. टिप्पणी कशी लिहितात, कुठल्या टेबलावर ती किती दिवस झोपते. हे कुठल्याही मास्टर्समध्ये शिकवत नाहीत. नंदुरबार 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत असल्यामुळे तिथे अशी तरुण मुलं बरीच येतात. काही फार चांगली असतात. काही आकडेवारीचा डॅशबोर्ड हिरवा झाला की जातात.

यूएनचं तुझ्या डोक्यातून काढत नाही, पण नीट बघ. तरुणांसाठी त्यांचं ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसरचं जे दार आहे त्याचा खर्च त्या-त्या देशाचं सरकार करतं, म्हणून ते मुख्यतः श्रीमंत देशांच्या मुलांना उघडतं. आपल्यासाठी स्वयंसेवक योजना, देशातल्या कार्यालयांतली राष्ट्रीय पदं आणि माझ्यासारखी कंत्राटं. कंत्राट म्हणजे काय, तर अकरा महिने साहेब आणि बाराव्या महिन्यात आजीचा दुसरा प्रश्न.

आणि हे क्षेत्र सध्या आकसलंय. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जुलैपर्यंत यूएसएड ही संस्थाच बंद झाली. माझ्या ब्रायटनच्या वर्गातले तिघे त्या एका वर्षात घरी बसले. आपल्याकडे 2020 मध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला, मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला परदेशी पैसा पुढे देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. धडगावसारख्या ठिकाणच्या चार-पाच माणसांच्या संस्था अशाच पुढे आलेल्या पैशांवर चालायच्या. माझी पहिली संस्था आता नाही. तिच्या कार्यालयात मोबाइलचं दुकान आहे. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा आहे, पण तो शाळेला रंग आणि टाकीला नाव देतो. दाव्याच्या पाठपुराव्याला त्यातून पैसा मागून बघ, समोरचा माणूस विषय बदलतो.

एवढं सांगूनही तुला यायचंच असेल तर ये. पण परदेशातलं विद्यापीठ शोधायच्या आधी एक पावसाळा इथे काढ. आणि जे वाचायचं ते इथलंही वाच. शहाद्यात 1970 च्या सुमारास अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना गोळा केलं, 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. ती कशावर? गेलेल्या जमिनींवर आणि सालदारांच्या मजुरीवर. आपल्या ओट्यावर जे चाललं होतं ना, त्यावरच.

हे वाक्य लिहिल्यावर मी बराच वेळ थांबले. कारण त्या दिवशी ओट्यावर मीही होते. सौदा शेवटी एक लाख तेराला ठरला, पंधरा हजार उचल. मी गावोगावच्या बैठकांत किमान वेतनावर बोललेली बाई, हातात आमरसाचं पातेलं धरून उभी होते आणि काही बोलले नाही. काका आहेत. त्यांनी माझी फी भरलीय. केळीला भाव नव्हता हेही मला माहीत आहे. ही सगळी कारणं खरी आहेत आणि ती माझ्यापाशी तयारच असतात. सालदाराच्या बायकोने जाताना मला ओळखून विचारलं, "ताई, तुम्ही धडगावला असता ना? आमचा दावा पण पडलाय." त्यांचं मूळ गाव डोंगरात, सात वर्षांपासून दावा उपविभागात. मी नंबर लिहून घेतला. चतुःसीमेत दोन्ही नावं आहेत का, हेही विचारलं. तिला माहीत नव्हतं.

भावाला हे सगळं तोंडी सांगितलं ते जूनमध्ये, फोनवर. त्याने बहुतेक ऐकलं. मधे एकदा विचारलं, "मग तू पप्पांना काही का बोलली नाहीस?" मी म्हटलं, नेटवर्क जातंय. जात नव्हतं.

जुलैच्या शेवटी त्याने दोन आठवडे धडगावला दादासोबत राहायचं ठरवलं. परीक्षा झाली होती, नोकरीचं पत्र हातात होतं, रुजू व्हायला महिना होता. अमळनेरहून गाडीने नंदुरबार, तिथून एसटीने तळोदा. दुपारी एक वाजता तळोद्याच्या स्टँडवरून त्याचा मेसेज आला, सोबत चिखलात रुतलेल्या पांढऱ्या बुटांचा फोटो.

"ताई, चांदसैली घाटात दरड पडलीय. गाड्या बंद. काय करू? परत जाऊ?"

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, शहाद्याची बस पकडायला सांगा, मी तिथे गाडी घेऊन येतो, रेनकोट आहे का त्याच्याकडे?

रेनकोट नव्हता.